गुलछडीला फुलं का येत नाहीत? कंदाची निवड, लागवड आणि जागा बदलणं : शंका-समाधान

परसबागेतल्या कंदवर्गीय फुलझाडांबद्दल गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रं आणि फोन आले. बहुतेकांची तक्रार एकच: झाड हिरवंगार आहे, पण फूल नाही. आणि बहुतेकांनी त्यावर उपाय म्हणून खत वाढवलं आहे. गुलछडीच्या, म्हणजेच निशिगंधाच्या, बाबतीत खत हा शेवटचा प्रश्न. आधी कंद केवढा आहे, किती खोल आहे आणि शेवटचा कधी उपटला होता, हे बघायला हवं.

शंका : अंगणात पाच वर्षांपूर्वी निशिगंधाचे कंद लावले. पहिली दोन वर्षं भरपूर दांडे आले. आता पानांचा नुसता झुपका झालाय, वर्षाकाठी एखादा दांडा येतो. युरिया दिला, शेणखत दिलं, फरक नाही. (सातारा जिल्ह्यातील एक भगिनी)

ताई, तुमच्या झाडाला रोग नाही, त्याची दाटी झाली आहे. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा देऊन झाला की त्याचं काम संपतं आणि त्याच्या कडेने पिल्लं धरतात. पुढच्या हंगामात फुलतात ती ही पिल्लं, तीही पुरेशी जाड झाली तरच. पाच वर्षं न हलवलेल्या गड्ड्यात अशी पिल्लं इतकी दाटतात की एकालाही पोसायला जागा उरत नाही. युरियाने त्यांची पानं वाढतात, कंद जाड होत नाहीत. म्हणून युरिया आता थांबवा.

गड्डा काढण्याची वेळ पावसाळ्यात नसते, फुलं संपल्यावर असते. थंडी सरता सरता, जानेवारीच्या शेवटापासून, पाणी तोडा. तीन-चार आठवड्यांत पानं पिवळी पडून आडवी होतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्ड्यापासून वीतभर लांब कुदळ घालून तो अख्खा उचला. खुरप्याने जवळून उकरत बसलात तर निम्मे कंद कापले जातात आणि कापलेला कंद साठवणीत हमखास कुजतो.

माती झटकल्यावर गड्डा हातात घेऊन नीट बघा. मधोमध जुन्या दांड्याचा वाळका खुंट दिसेल. तो कंद दाबला तर पोकळ लागतो, वरची सालं सुटून येतात. हा टाकून द्यायचा. त्याच्या भोवती तपकिरी पापुद्र्यातले घट्ट कंद असतात, ते हाताने अलगद सुटे होतात. सुपारीएवढे किंवा त्याहून जाड, म्हणजे अडीच ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, एका बाजूला काढा. याच वर्षी फुलतील ते हेच. त्याहून बारीक असतील ते दुसऱ्या ढिगात; त्यांना वेगळ्या वाफ्यात एक हंगाम पोसावं लागतं. अगदी करंगळीच्या पेराएवढी पिल्लं जागा असेल तरच ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांना द्या.

निवडलेले कंद सावलीत, वारा खेळेल अशा जागी पसरून ठेवा. गोणीत बांधून ठेवू नका. आठवड्यातून एकदा खालचे वर करा, मऊ पडलेला किंवा बुरशी दिसणारा लगेच काढून टाका. नुकत्याच उपटलेल्या कंदाला महिना-सव्वा महिन्याची विश्रांती लागते. घाईने परत लावला तर तो रुसून बसतो, कोंब यायला फार वेळ लागतो.

लागवड एप्रिल-मे महिन्यात करा. दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. आंब्याखाली किंवा कंपाउंडच्या उत्तरेला लावलेली गुलछडी पानांवरच राहते. जमीन भारी काळी असेल तर गादीवाफा (उंच, सपाट माथ्याचा वाफा) करा. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा धरला तर 30 बाय 30 सेंटिमीटर अंतराने साधारण चाळीस कंद बसतात. त्या वाफ्याला पंधरा किलो चांगलं कुजलेलं शेणखत, 340 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 120 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश लागवडीआधी मातीत मिसळा. हे हेक्टरी 200 किलो नत्र, 150 किलो स्फुरद आणि 200 किलो पालाश या शिफारशीवरून वाफ्यापुरतं काढलेलं माप आहे. त्याप्रमाणे युरिया एकूण दीडशे ग्रॅम होतो. तो एकदम टाकायचा नाही: पन्नास ग्रॅम लागवडीच्या वेळी, पन्नास महिन्याने, पन्नास दोन महिन्यांनी. घरच्या बागेत अंदाजाने मूठमूठ टाकण्याची सवय असते, ती इथे नडते.

कंदाच्या वर पाच-सहा सेंटिमीटर माती राहील इतकीच खोली ठेवा. टोक वर, मुळांची तबकडी खाली. खोल गेलेला कंद उशिरा उगवतो आणि दांडा बारीक देतो. लावल्यावर एक पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर राहू द्या. जाड कंद लावले असतील तर साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत पहिले दांडे दिसतात. त्यानंतर हाच खोडवा दोन वर्षं ठेवा आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा उपटा. पाच वर्षांची वाट पाहू नका.

शंका : मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या अंगणात पिओनीची मोठमोठी गुलाबी फुलं येतात. त्याचा कंद आणून कोल्हापुरात लावता येईल का? ऑनलाइनही पिओनीचे कंद विकतात, ते घ्यावेत का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नको’ असंच आहे. पिओनी थंड मुलखातलं झाड आहे. हिवाळ्यात ते जमिनीलगत वाळून जातं आणि त्याचे जमिनीखालचे डोळे कित्येक आठवडे चार-पाच अंशांच्या आसपासची थंडी खाल्ल्याशिवाय फुलाची कळी धरत नाहीत. कोल्हापूर-पुण्याच्या हिवाळ्यात रात्री गारवा असतो, पण दुपार पुन्हा तापते. महाबळेश्वरची थंडीही त्याला पुरत नाही. कंद एखाद्या वर्षी पानं काढेल, मग मातीतच संपेल. आपल्या देशात त्याचं घर काश्मीर आणि हिमाचलच्या उंच भागात. पश्चिम हिमालयात तर त्याची पांढऱ्या फुलांची एक जात रानातच उगवते. पुण्या-मुंबईतल्या लग्नाच्या सजावटीत पिओनी दिसते ती परदेशातून आलेली कापीव फुलं असतात.

बॅगेतून कंद आणणं तर करूच नका. परदेशातून लागवडीचं साहित्य आणायला आयात परवाना आणि तिथल्या यंत्रणेचा वनस्पती आरोग्य दाखला लागतो. हा नियम कागदासाठी केलेला नाही; मातीसोबत सूत्रकृमी आणि बुरशी येतात, त्या एकदा शेतात शिरल्या की जात नाहीत.

तुमच्या मुलीला मात्र चार गोष्टी जरूर सांगा, कारण तिने घर बदलताना झाड सोबत न्यायचं विचारलं आहे असं तुम्ही लिहिलंय. पिओनी हलवायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. वसंतात कोंब वर आल्यावर हलवली तर त्या वर्षीचं फूल गेलंच, पुढची एक-दोन वर्षंही ती रुसते. पानं जमिनीपासून बोटभर ठेवून कापावीत, गड्डा रुंद खणून उचलावा, पाण्याने धुवावा. मुळांच्या डोक्यावर लालसर टपोरे डोळे दिसतात. प्रत्येक तुकड्यावर तीन ते पाच डोळे आणि जाड मुळं राहतील असे धारदार सुरीने तुकडे करावेत. एक डोळ्याचा तुकडा जगतो, पण फुलायला फार वर्षं घेतो.

लावताना डोळ्यांवर तीन ते पाच सेंटिमीटरच माती हवी. पिओनीला फूल न येण्याचं सर्वांत मोठं कारण खोल लागवड हेच असतं. आपल्या गुलछडीत आणि तिच्यात हे साम्य आहे. दोन झाडांत तीन फूट अंतर, सहा तास ऊन, पाणी न साचणारी जमीन. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर घाबरू नये, दोन-तीन वर्षांनी झाड रंगात येतं. कळ्यांवर मुंग्या फिरतात म्हणून औषध मारू नये, त्या कळीवरचा गोड चिकट रस खायला येतात. नवीन घ्यायची असेल तर ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’ ही 1851 सालची पांढरी जात आणि ‘सारा बर्नहार्ट’ ही 1906 सालची गुलाबी जात अजून टिकून आहेत, यावरून त्यांचा काटकपणा समजावा. फुलाच्या वजनाने दांडे वाकतात, त्यांना आधार लागतो. वाऱ्यापावसाच्या जागी एकेरी पाकळीची किंवा मजबूत दांड्याची इतोह (साधी पिओनी आणि लाकडी खोडाची पिओनी यांच्या संकराची) जात बरी. झाडासारख्या लाकडी खोडाची पिओनी वेगळी. तिला हिवाळ्यात मुळापर्यंत छाटायचं नसतं.

शंका : निशिगंधाची कोणती जात घ्यावी? एकेरी की दुहेरी?

वास आणि हार-गजऱ्यासाठी एकेरी, फुलदाणीसाठी दुहेरी. घरी पूजेला रोज ओंजळभर सुटी फुलं हवी असतील तर एकेरीला पर्याय नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ आपल्या हवेला सरावलेली आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ याही एकेरी; प्रज्वलची कळी किंचित गुलाबी झाक असलेली आणि फूल मोठं असतं. दुहेरीत ‘सुवासिनी’ आणि अर्धदुहेरीत ‘वैभव’ या त्याच संस्थेच्या. दुहेरीचा दांडा देखणा दिसतो, पण माझं मत विचाराल तर घरच्या बागेत पहिली पसंती एकेरीलाच द्या. भर पावसात दुहेरीच्या पाकळ्या पाणी धरून तपकिरी पडतात आणि वासही उणाच. पानांसाठी हौस असेल तर पिवळ्या कडेची ‘स्वर्णरेखा’ किंवा पानाच्या मधोमध रुपेरी पट्टा असलेली ‘रजतरेखा’ कुंडीत शोभते. या दोन्ही लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या.

निळ्या-लाल निशिगंधाचे फोटो लावून बियांची पाकिटं विकतात, त्यात पैसे घालू नका. बाजारातले निळे दांडे म्हणजे रंगाच्या पाण्यात उभे केलेले पांढरे दांडे. आणि निशिगंध लावायचा तो कंदापासून. कंद शक्यतो मोसमाच्या आधी, मार्चमध्ये, हातात घेऊन आणि दाबून बघून घ्या.

शंका : रत्नागिरीजवळ राहतो. पावसात बुंधा सडतो, पान ओढलं की हातात येतं. मातीत बारीक दाणे दिसतात.

हे खोडकूजीचं लक्षण. पांढऱ्या बुरशीचे ते दाणे आधी पांढरे, मग तपकिरी होतात आणि मातीत पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. सडलेलं झाड भोवतालच्या मातीसकट उचलून लांब नेऊन जाळा, शेणखड्ड्यात टाकू नका. जागा बदला, वाफा फूटभर उंच करा. कंद लावण्याआधी दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून अर्धा तास बुडवा आणि शेणखतातूनही तेच द्या. कोकणात उंच वाफ्याशिवाय किंवा मोठ्या कुंडीशिवाय निशिगंध लावूच नये.

शंका : भाड्याचं घर जुलैमध्ये सोडायचं आहे. गुलछडी आत्ता हलवली तर चालेल का?

चालवावं लागेल, पण कंद सुटे करू नका. आदल्या दिवशी पाणी देऊन गड्डा मातीच्या ढेकळासकट उचला, ओल्या गोणपाटात बांधा आणि नव्या जागी त्याच खोलीवर, त्याच दिवशी बसवा. आलेले दांडे कापून फुलदाणीत ठेवा, पानं अर्धी छाटा, आठवडाभर दुपारची सावली करा. नवीन घरी जमीन नसेल तर बारा इंची कुंडी आधीच भरून ठेवा: दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू, तळाला विटांचे तुकडे. एका कुंडीत तीन-चार कंदांहून जास्त नको. गड्डा मोठा असेल तर हातांनी दोन-तीन तुकडे करा, पण प्रत्येक तुकड्यात मुळं आणि माती राहू द्या. या वर्षीची फुलं कमी येतील. नीट वेगळे करणं आणि निवडणं येत्या फेब्रुवारीत, वर साताऱ्याच्या ताईंना सांगितलंय त्याप्रमाणे करा.