जाताना साडेसात, येताना साडेनऊ

प्रश्न : लेक टोकियोला असते. दिल्लीहून थेट विमान हिवाळ्यात साडेसात तासांत पोचतं, परतताना मात्र साडेनऊ लागतात. वाट तीच ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, अंतर तेच, सुमारे ५,८५० किलोमीटर. खोडी वाऱ्याची! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंतही जातो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. उन्हाळ्यात झोत मंदावतो, फरकही घटतो. आणि तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका बरं; त्या स्थानिक असतात, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मी तर परतीला खिडकीचा मोह सोडून कडेची जागा घेतो, गुडघ्यांसाठी.