फ्लॅश आपला, बटण दुसऱ्याचं

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. स्टेजच्या कडेला स्टँडवर फ्लॅश असतो, त्याच्या पायाखाली रेडिओ ट्रिगरचा रिसीव्हर; कॅमेऱ्यावरचा ट्रान्समीटर बिनतारी इशारा देतो, तेव्हा फ्लॅश उडतो. गेल्या तीन लग्नांत मी शटर दाबलेलं नसतानाही फ्लॅश उडत होता. घरी चालू ठेवून बसलो तर तासभर गप्प! दुरुस्तीवाला म्हणतो, बोर्ड गेलाय, अडीच हजार लागतील. बदलू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : अडीच हजार तूर्त खिशातच राहू द्या. बोर्ड गेला असता तर फ्लॅश घरीही उडाला असता. कार्यालयात असतो आणि तुमच्या घरी नसतो तो दुसरा फोटोग्राफर. मुलाकडचा एक, मुलीकडचा एक!

पुढच्या लग्नात मुहूर्ताच्या आधी एवढं करा. फ्लॅश रिसीव्हरवरून काढून नुसता हातात धरा आणि समोरच्याला दोन-चार फोटो काढू द्या. तरीही उडाला, तर तो उजेडाने उडतोय. पुढच्या लाल काचेमागे सेन्सर असतो. स्लेव्ह मोड चालू असला की दुसरा फ्लॅश चमकताच आपलाही उडतो. डिस्प्लेवर एस-१ किंवा एस-२ दिसत असेल तर मोड बदलून एम (मॅन्युअल) करा, संपलं. (पाहुण्यांच्या मोबाइलला बोल लावू नका. त्यातला एलईडी फ्लॅशमधल्या झेनॉन ट्यूबसारखा झटक्यात चमकत नाही, त्याने स्लेव्ह सहसा उडत नाही.)

मी स्वतः यात फसलोय. सेल बदलताना अंगठ्याने मोडचं बटण दाबलं गेलं आणि पाहुण्यांच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी माझे चारही सेल पिऊन टाकले. अंतरपाट दूर झाला तेव्हा फ्लॅशचा लाल दिवा काही लागेना. हार घालतानाचा फोटो अंधारा आला. वधूच्या वडिलांनी अल्बम बघताना त्या पानावर बोट ठेवलं, बोलले काहीच नाहीत.

स्टँडला धक्का लागला की उडतो, असं असेल तर मात्र दोष संपर्काचा. फ्लॅशच्या पायाची मधली पिन आणि कडेची पट्टी क्षणभर जरी जोडली गेली तरी फ्लॅश उडतो. घाम, ओल, गंज एवढं त्याला पुरतं. सेल काढा, पिन पेन्सिलच्या खोडरबराने घासा, भुगा फुंकून कोरड्या सुती फडक्याने पुसा. फ्लॅश खोलू मात्र नका. सेल काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

पण माझा खरा संशय वेगळा आहे. हातात धरलेला फ्लॅश गप्प राहिला आणि रिसीव्हरवर बसवताच उडायला लागला, तर दोघांचे ट्रिगर एकाच जातीचे आणि एकाच चॅनलवर आहेत. डब्यातून काढल्यापासून बहुतेकांचा चॅनल १ वरच असतो, कोण कशाला हात लावतंय! ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींवर चॅनल बदला. स्वस्तातल्या ट्रिगरला त्यासाठी बारीक खटके असतात, ते टाचणीने सरकवा.

आणि त्या दुसऱ्या फोटोग्राफरलाही एकदा विचारा. चॅनल एकच असेल तर तुमच्या बटणाने त्याचाही फ्लॅश उडत असणार. तोही बिचारा बोर्ड बदलायला निघाला असेल.