पहिला दगड कुणाचा?

प्रश्न : व्यभिचारात पकडलेल्या बाईला 'ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा' असं म्हणून येशू वाचवतो ती गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, मुळात नव्हतीच म्हणे, खरंय का?

उत्तर : हो, बहुतेक अभ्यासक तसंच मानतात. 4थ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या दोन हस्तलिखित ग्रीक प्रती बघा, 7व्या अध्यायाच्या 52व्या ओळीवरून मजकूर थेट 8व्याच्या 12व्या ओळीवर जातो, मधली गोष्टच नाही. ती सापडते 5व्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या बेझा प्रतीत. आणि काही प्रतींमधे तर ती चक्क लूकच्या शुभवर्तमानात 21व्या अध्यायानंतर आहे, म्हणजे गोष्ट लोकांना माहीत होती, आवडत होती, पण ठेवायची कुठे ते ठरत नव्हतं.

मला सगळ्यात भारी वाटते ती एक छोटी भर. येशू वाकून बोटाने जमिनीवर लिहितो, काय लिहितो ते सांगितलेलंच नाही, मग काही प्रतींमधे 'त्यांच्यातल्या प्रत्येकाची पापं' असे शब्द आले, वाचणाऱ्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर असं मजकुरातच जाऊन बसलं!

ऑगस्टीन या जुन्या काळातल्या ख्रिस्ती धर्मगुरूचं मत मात्र उलट होतं, बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी ती काढून टाकली असं तो म्हणतो. जुन्या प्रती बघता मला ते पटत नाही, पण त्या काळी लोकांना ही गोष्ट किती टोचत होती ते त्यातून कळतं.