मूलपेशी ‘गर्भातून’ काढतात की ‘भ्रूणातून’?

प्रश्न असा आला आहे: मूलपेशी (शरीरातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशी) संशोधनाच्या वादावर लिहिताना ‘गर्भातून काढलेल्या मूलपेशी’ म्हणावं की ‘भ्रूणातून काढलेल्या’? दोन्ही चालतील का?

‘गर्भातून’ चालणार नाही. बोलताना आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण इथे तेवढ्याने माहितीच चुकीची होते. वैद्यकात फलनापासून आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण आणि तिथून जन्मापर्यंत गर्भ. लिंगनिदानविरोधी कायद्याची व्याख्याही भ्रूणाला ५६व्या दिवशी थांबवते. त्या हिशेबाने ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द जरा सैलच, कारण सोनोग्राफीत लिंग दिसेपर्यंत गर्भाची अवस्था आलेली असते. तो आता पक्का रुजलाय, राहू दे. पण त्याच्यामुळे ‘भ्रूण’ वाचलं की हातपाय फुटलेलं मूलच डोळ्यांपुढे येतं.

या वादातल्या मूलपेशी ज्यातून घेतात तो फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला भ्रूण असतो. साधारण एक-दोनशे पेशी, आकार मिलीमीटरच्याही एक-दोन दशांश. प्रयोगशाळेत वाढवलेला, गर्भाशयात न रुजलेला. त्याच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार बनते आणि आतल्या पुंजक्यातून शरीर. हा आतला पुंजका वेगळा काढून वाढवला की मूलपेशी मिळतात, मात्र ब्लास्टोसिस्टची पुढची वाढ तिथेच संपते. सगळा नैतिक वाद या एका पायरीवर आहे. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जीवशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून अशा पेशी मिळवल्या, त्या वंध्यत्वावरच्या उपचारात उरलेल्या, जोडप्यांनी संमतीने दिलेल्या भ्रूणांपासून. ‘गर्भातून’ लिहिलं की वाचक थेट गर्भपाताकडे जातो. गर्भपातानंतरच्या ऊतींवरचं संशोधन हा वेगळा विषय आहे. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी आणखी वेगळ्या, त्यांच्यासाठी भ्रूण लागत नाही.

शब्दाच्या निवडीतही पक्ष लपलेला असतो. ‘भ्रूणहत्या’ हा धर्मशास्त्रातला महापातकाचा शब्द, तो वापरला की निकाल आधीच लागला. उलट ‘पेशींचा गोळा’ म्हणणाराही तटस्थ नसतो. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात पहिल्या १४ दिवसांसाठी ‘पूर्वभ्रूण’ अशा अर्थाचा शब्द पुढे आला, तेव्हा विरोधकांनी तो वाद जिंकण्यासाठी घडवलेला शब्द ठरवला. तिथल्या १९९०च्या कायद्याने भ्रूण प्रयोगशाळेत वाढवण्याला १४ दिवसांची मर्यादा घातली, पण ‘भ्रूण’ हाच शब्द ठेवला. चौदाच का? साधारण त्याच सुमारास शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ उमटते, आणि त्यानंतर एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी होण्याची शक्यता जवळपास संपते.

व्याख्येवर पैसाही अडतो. २०११ साली युरोपीय न्यायालयाने पेटंटच्या कायद्यापुरता फलित अंड्यालाही पहिल्यापासून भ्रूण मानलं, आणि भ्रूण नष्ट करून साधलेल्या शोधांची पेटंटं अडली. फलन न होता केवळ चेतवून विभागायला लावलेलं अंडंही तेव्हा त्याच व्याख्येत आलं होतं. २०१४ साली न्यायालयाने ते सैल केलं: ज्यात माणूस होण्याची अंगभूत क्षमताच नाही, ते भ्रूण नव्हे.

नावाबद्दल थोडं. ‘मूलपेशी’ पाठ्यपुस्तकांतून रुळलाय, ‘स्कंधपेशी’ही कुठे कुठे दिसतो; एका लेखात एकच ठेवावा. ‘भ्रूणीय मूलपेशी’ बरोबर आहे, पण मला ‘भ्रूणजन्य’ जास्त आवडतो. या पेशी भ्रूणापासून आलेल्या असतात, त्या स्वतः भ्रूण नसतात, आणि वादात नेमकी हीच गल्लत होते. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतल्या पेशींना मूलपेशींसारखं केलं. त्यांना ‘प्रेरित’ म्हणा, भ्रूणजन्य नाही.

वाक्य असं लिहावं: ‘फलनानंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातून मूलपेशी काढल्या जातात, त्यात तो भ्रूण नष्ट होतो.’ ‘हत्या’ किंवा ‘गोळा’ लिहायचंच असेल तर अवतरणात, आणि कोण म्हणालं त्याच्या नावासकट.