बंदुकीनं मारलेला ससा फेरेटला चालतो का?

तुमचा प्रश्न असा आहे : घरात दोन फेरेट (मुंगसासारखं दिसणारं लांबट पाळीव जनावर) आहेत, आजऱ्याकडचे मामा ठासणीच्या बंदुकीनं मारलेले ससे आणि लाव्ह्या पाठवतो म्हणतात, आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून कच्चं दिलं तर चालेल का? इंग्लंडात तर लोक देतातच, असंही तुम्ही लिहिलंय.

मी नोकरीसाठी चार वर्षं इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये होतो. घरमालकांकडे सहा फेरेट होते आणि शेवटची दोन वर्षं त्यांचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. त्या अनुभवावरून सांगतो, मामांना नको म्हणून सांगा.

पहिलं कारण कायद्याचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे रानससा, तितर, लाव्ही, साळिंदर, भेकर यांची शिकार गुन्हा आहे आणि ते मांस घरात ठेवणंही गुन्हाच. पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर परवानगी काढून मारलं, तरी कलम ३९ प्रमाणे ते सरकारी मालमत्ता ठरतं. मामांच्या प्रेमापोटी तुम्ही दोघंही अडचणीत याल.

आता इंग्लंडचं. तिथली जुनी पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण ‘तिकडे देतात’ हे अर्धंच खरं आहे. घरमालक बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी लावायचे, मग फेरेट आत सोडायचे. ससा बाहेर धावला की जाळ्यात. तिथंच मान मोडायची, लगेच मूत्राशय दाबून रिकामं करायचं, पोट फाडून आतडी काढायची आणि काळीज (यकृत) बघायचं. काळजावर पांढरे ठिपके दिसले की तो ससा बाद. म्हणजे त्यांच्या फेरेटना मिळणाऱ्या सशात गोळी-छऱ्यांचं विषारी शिसं नसायचंच. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळवीट धरायचे, तेव्हा चित्तेवान त्याला त्याच जनावराचं मांस बक्षीस द्यायचे, तेही असंच बिनगोळीचं.

एकदा शेजाऱ्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं मारलेले दोन ससे आणून दिले. मी डोळ्यांना दिसले तेवढे छर्रे काढले आणि मांस दिलं. पाचव्या-सहाव्या दिवशी आमची एक जिल (फेरेटच्या मादीला तिकडे जिल म्हणतात, नराला हॉब) खाईना, मागचे पाय ओढायला लागली, विष्ठा काळी पडली. एक्स-रेमध्ये पोटात एक बारीक, गोल, पांढरा ठिपका होता. रक्तात शिसं निघालं. औषधांनी ती वाचली, पण तो आठवडा मी कधी विसरणार नाही. चूक माझी होती.

एक औंसाच्या ६ नंबरच्या काडतुसात साधारण २७० छर्रे असतात. हाडाला लागून काही फुटतात आणि चुरा मांसात पसरतो. रायफलच्या गोळीचे कण तर जखमेपासून वीतभर, कधी हातभर लांबही सापडतात. जखमेभोवतीचा भाग कापून टाकला की झालं, ही समजूत म्हणूनच धोक्याची. फेरेटच्या मादीचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं. माणसाला जाणवणारही नाही एवढं शिसं तिला पुरतं. पोटातल्या आम्लात ते विरघळतं. शिशाच्या छऱ्यांनी बदकं मरतात म्हणून इंग्लंडनं १९९९मध्ये पाणथळ जागी आणि बदकांवर ते वापरायला बंदी केली, आणि कॅलिफोर्नियात कॉन्डर गिधाडांपायी २०१९पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. मामांच्या ठासणीच्या बंदुकीत काय भरतात ते तुम्हीच विचारा. बहुतेक शिसंच सांगतील.

फ्रीझर शिशाला काही करत नाही, हे तर उघडच. पण जंतूंचंही तसंच आहे, आणि इथं बरेच जण फसतात. गोठवल्यानं काही परजीवी मरतात : डुकराच्या मांसातला ट्रिकिनेला पातळ तुकड्यांत उणे १५ अंशांवर वीस दिवसांत मरतो, टॉक्सोप्लाझ्माही नीट गोठवल्यावर टिकत नाही. साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया मात्र थंडीत झोपतात आणि मांस वितळलं की जागे होतात. परदेशातल्या रानसशांत सापडणारा टुलारेमिया या रोगाचा जंतू गोठलेल्या मांसात वर्षानुवर्षं जिवंत राहतो. रानडुकराचं कच्चं मांस तर कधीच नको. त्यातून ऑजेस्की नावाचा विषाणू येऊ शकतो, आणि तो कुत्रा, मांजर, फेरेट या सगळ्यांना मारतो.

पक्ष्यांचा धोका वेगळा सांगतो. माणसाचा फ्लूचा विषाणू १९३३मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा वेगळा काढला तो फेरेटवरच, इतका हा जीव फ्लूला हळवा. २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नवापूरला आढळला. २०२५च्या जानेवारीत नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेल्याचं निष्पन्न झालं. वाघ वाचत नाही तिथं तुमच्या फेरेटचं काय? रानलाव्ही, पाणबदक, कबूतर, काहीच नको.

मग खायला काय? कोल्हापुरात राहून मांसाची चणचण तुम्हाला भासणार नाही. फेरेट पूर्ण मांसाहारी, आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं; म्हणून थोडं थोडं, दिवसातून अनेक वेळा. मांजराच्या पिल्लांचं चांगल्या प्रथिनांचं कोरडं खाणं मुख्य ठेवा. वर ओळखीच्या दुकानातून ताजं कोंबडीचं मांस, हृदय, बकऱ्याचा दिल, आठवड्यातून एखादा कलेजीचा तुकडा. हृदयात टॉरिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, ते त्यांना हवंच. बर्ड फ्लूच्या बातम्या असतील तेव्हा कोंबडी शिजवूनच, आणि शिजवलेलं हाड कधीच नाही, ते टोकदार फुटतं. ससाच द्यायचा असेल तर ससेपालनवाल्याकडचा घ्या. नवं काहीही हळूहळू मिसळा. लहानपणी न खाल्लेलं हे जनावर सहज स्वीकारत नाही.

आणि आपल्या घरात सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे रस्सा. तांबड्यातला मटणाचा तुकडा धुऊन दिला तरी कांदा-लसूण त्यात मुरलेला असतो, आणि त्यानं फेरेटच्या लाल पेशी फुटतात. पाहुणे जेवायला असले की दोघांना पिंजऱ्यात ठेवत जा.

फेरेट खाणं लपवून ठेवतात. सोफ्यामागं, बिछान्यात, कपाटाखाली. एप्रिल-मे मधल्या उकाड्यात तो तुकडा दुपारपर्यंत नासतो. खाणं दिल्यावर अर्ध्या तासानं रोज त्यांच्या लपवायच्या जागा तपासा.

शिकारीचं मांस आधीच एक-दोनदा दिलं असेल तर भूक, चाल आणि विष्ठेचा रंग बघत राहा. खाणं सुटलं, उलटी झाली, मागचे पाय लुळे पडले किंवा झटका आला, तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि गोळीचं मांस खाल्लंय हे जाताक्षणी सांगा. फेरेट इथं विरळ असल्यानं डॉक्टरांच्या डोक्यात शिसं लगेच येणार नाही. एक्स-रे आणि रक्तातल्या शिशाची तपासणी तुम्हीच मागून घ्या.