ताईला विचारा : मीटिंगला चारच जणी का येतात?

प्रश्न : ताई नमस्कार. मी एस.वाय.बी.ए.ला आहे, कॉलेज तालुक्याच्या गावाला. एनएसएसमधल्या (राष्ट्रीय सेवा योजना) आम्ही सात जणींनी मुलींसाठी एक गट काढला, मी लीडर. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला कार्यक्रम घेतला तर हॉल फुल्ल, सरांनी पण कौतुक केलं. पण त्यानंतर मीटिंग ठेवली की चारच जणी, त्यातल्या दोघी माझ्याच रूमवरच्या. एफ.वाय.च्या पोरी तर दोन वाजले की पळतात. मुलींनाच काही पडलेली नाहीये का माझंच चुकतंय?

उत्तर : अगं त्यांना पडलेली आहे, पण त्यांची एसटी असते! चेष्टा नाही करत. मीटिंग कितीला ठेवतेस ते लिहिलंच नाहीस तू, तीनला असणार. आता बघ, वाडीवरच्या मुलीची दोनची गाडी चुकली की पुढची थेट संध्याकाळी, आणि अंधार पडल्यावर घरी पोचली की दुसऱ्या दिवशी कॉलेजच बंद, मग ती तुझं सक्षमीकरण सोडून गाडी पकडते, मी असते तर मीपण तेच केलं असतं. त्यामुळे मीटिंग मधल्या सुट्टीत घे, वीस मिनिटांची, नाहीतर सरळ स्टँडवर घे.

आणि कामपण तिथूनच सुरू कर. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो, एफ.वाय.ला आली की तो बंद. मग विद्यार्थी पास काढायचा, त्यात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा भरायचा. पण त्यासाठी बोनाफाईड आणा, ऑफिसचा शिक्का घ्या, त्यापेक्षा २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच की म्हणून पोरी रोज सुट्टे पैसे घेऊन येतात आणि महिन्याला जास्तच घालवतात. जून-जुलैत तुम्ही सात जणी ऑफिसच्या बाहेर एक टेबल टाका, फॉर्म भरून द्या, शिक्के एकत्र मारून आणा. तिथंच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे स्कॉलरशिपचे अर्ज पण भरून द्या, कारण नेटकॅफेवाला प्रत्येक फॉर्ममागे पैसे घेतो आणि चुकीचा अकाउंट नंबर टाकला तर पैसे अडकतात ते वेगळंच. (मुलींची फी माफ झाली म्हणून बी.ए.च्या पोरी आशेनं विचारायला येतील, त्यांना नीट सांग, २०२४-२५ पासूनची ती माफी कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक कोर्सला गेलेल्या आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना आहे. धाकट्या बहिणीला उपयोगी पडेल.)

यात भाषण नाही, फोटोत दाखवायला पण काही नाही, पण ज्या मुलीचा पास तुमच्यामुळे निघाला ती पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन येते. जयंती जरूर कर गं, रांगोळी पण काढ, पण वर्षभर फक्त तेवढंच असेल तर पोरींना कळतं की आपल्याला खुर्च्या भरायला बोलावलंय. एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचे असतात ना, त्यात हे टेबलावरचे तास धरता येतील का ते प्रोग्रॅम ऑफिसरांना आधीच विचार, हजेरी लागत असली की घरी सांगायला पण बरं पडतं. आणि अजून एक, राग मानू नकोस. माईक सोड. तू टी.वाय.ला गेलीस की गट बसणार, म्हणून रजिस्टर आणि ग्रुपची अ‍ॅडमिनगिरी आत्तापासूनच एखाद्या एफ.वाय.च्या पोरीकडे दे, ती चुकेल, चुकू दे.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका मुलीनं मला एकटीला सांगितलं की कॉलेजातला एक कर्मचारी तिला त्रास देतोय. मी ग्रुपवर टाकू का? सगळ्या मिळून जाब विचारू?

उत्तर : नको नको, ग्रुपवर अजिबात नको, दहा मिनिटात तिचं नाव गावभर होईल. तू तिची मैत्रीण आहेस, न्यायाधीश नाहीस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, अध्यक्ष सीनियर मॅडम असतात, निम्म्या तरी बायका असतात आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थीपण असतात. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, तेव्हा उगाच दिवस घालवू नका. पण द्यायची का नाही ते तिनं ठरवायचं, तू फक्त लिहायला सोबत बस. तारखा, मेसेज, स्क्रीनशॉट आधी जपून ठेवायला सांग, आणि आत्ता लगेच भीती वाटत असेल तर ११२. समितीत कोणकोण आहे तेच कुणाला माहीत नसेल तर ती नावं मुलींच्या कॉमन रूममध्ये लावून घ्या, या निमित्तानं तेवढं तरी होईल.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या ग्रुपची लीडर झालीये आणि सात दिवसांच्या कॅम्पला जाते म्हणते. परगावी, रात्री मुक्काम. मिस्टर नाही म्हणतात, मी काय करू?

उत्तर : वहिनी, मिस्टरांची काळजी खोटी नाही, पण नाही म्हणायच्या आधी दोघं कॉलेजात जाऊन विचारून या. मुली झोपणार कुठं, मॅडम रात्री मुक्कामाला आहेत का नुसत्या दिवसा येऊन जातात, संडासाला पाणी आहे का, घरी फोन कधी करता येईल. याची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर खुशाल नाही म्हणा, मीच म्हणेन पाठवू नका. मिळाली तर मिस्टरांना म्हणावं एक दिवस स्वतः जाऊन बघून या, एनएसएसचा कॅम्प असेल तर कॉलेजनं दत्तक घेतलेल्या गावात असतो, आणि ते बहुतेक जवळपासचंच असतं. माझ्या कॅम्पला माझे वडील तिसऱ्या दिवशी न सांगता आले होते, मी बंधाऱ्यावर घमेली उचलत होते, चहा प्यायले आणि गेले, पुढच्या वर्षी काही बोलले नाहीत. पांघरूण मात्र जाड द्या, डिसेंबरात शाळेच्या फरशीवर लय गारठा असतो.