मेटल-फ्री (धातूशिवाय) लिहायच्या आधी स्टिररची बीड बदला

दर प्रोजेक्ट सीझनला ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या त्याच शंका येतात, म्हणून चौघांना एकदमच उत्तर देतो.

प्रश्न (अमळनेर): लॅरॉक इंडोलमध्ये (पॅलेडियमने अल्काइन जोडून इंडोलची रिंग बनवतात ती रिअॅक्शन) अल्काइनचा मोठा ग्रुप कुठे बसतो?
दोन नंबरच्या कार्बनवर.

प्रश्न (चोपडा): क्लिकने (कॉपर टाकून अझाइड आणि अल्काइन जोडतात ती रिअॅक्शन) १,४ ट्रायाझोल आलं, १,५ पाहिजे. कॉपर काढून नुसतं तापवू?
नको भो, दोन्हीचं मिक्श्चर येईल. १,५ साठी रुथेनियम. आणि सोडियम अझाइड ॲसिड किंवा डीसीएम (डायक्लोरोमिथेन) जवळ नेऊ नका, अझाइड तापवायच्या आधी गाइडला विचारा, नंतर नाही.

प्रश्न (शिरपूर): कॉपर न टाकता ब्लँक लावला तरी सी-एन बाँड होऊन रिंग बंद झाली. सर म्हणतात मेटल-फ्री म्हणून पेपर टाकू. टाकू का?
थांबा! २००३ मध्ये असंच पॅलेडियमशिवाय सुझुकी (कार्बन-कार्बन जोडणारी कपलिंग) झाल्याचं छापून आलं होतं, मग २००५ मध्ये त्याच ग्रुपने सांगितलं की सोडियम कार्बोनेटमध्येच ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भाग) आसपास पॅलेडियम होतं आणि तेवढ्यावर काम होत होतं. २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी दाखवलं की आयर्न क्लोराइडच्या नावावर खपलेल्या काही रिअॅक्शनमागे त्यात मिसळलेलं कॉपर होतं. आता तुमची बीड (स्टिररवर फिरणारी टेफ्लॉनची चुंबकी कांडी) बघा, टेफ्लॉनवर काळे डाग असतील, कारण मागच्या बॅचच्या पोरांनी तीच पॅलेडियममध्ये फिरवली, तुम्ही ॲसिटोनने पुसली आणि झाला तुमचा ब्लँक! नवी व्हायल, नवी बीड, बेस दुसऱ्या कंपनीचा, प्युअर, आणि मुद्दाम दोन-चार पीपीएम कॉपर टाकून बघा स्पीड वाढतो का. हां, हॅलोजनच्या शेजारी नायट्रो असेल तर एसएनएआरने (हॅलोजन हटवून नायट्रोजन थेट रिंगवर बसतो) खरंच धातूशिवाय होऊ शकतं, ते स्ट्रक्चर पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. आयसीपी-एमएसला (धातूचे बारीक अंश मोजणारी टेस्ट) सॅम्पल आजच द्या, रिव्ह्यूअरने विचारल्यावर धावपळ करून काय उपयोग, आणि रिपोर्ट घेऊन सरांसोबत बसा.

प्रश्न (धुळे): डीलर म्हणतो त्याच्या पॅलेडियम ऑन कार्बनचं लीचिंग (धातू सुटून सोल्युशनमध्ये जाणं) झिरो, टेस्टची गरज नाही.
डीलर तर म्हणेलच, त्याला डबा विकायचाय. कपलिंगमध्ये बऱ्याचदा पॅलेडियम कार्बनवरून सुटून सोल्युशनमध्येच काम करतं आणि शेवटी परत चिकटतं, म्हणून फिल्ट्रेट (गाळलेलं सोल्युशन) स्वच्छ दिसतं. तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे, ती डोळ्याने मोजता येत नाही. बॅचचा रिपोर्ट मागा आणि क्यूएवाल्यांना (क्वालिटी तपासणारे) दाखवल्याशिवाय सही करू नका.